बिनभोकांचं बटण

"आजोबा, या बटणाला भोकंच नाहीत."

मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. पुतळ्यावर चढवलेल्या कोटाची बाही काही केल्या सरळ बसत नव्हती. ते नुसतं "हं" म्हणाले. तोंडात टाचण्या धरलेला शिंपी दुसरं काय म्हणणार?

नात मशीनशेजारी फतकल मारून बसली होती. मास्तर तिला लाडानं गुंडी म्हणायचे. मास्तरांची मुलगी कामावर जाताना पोरीला त्यांच्याकडे सोडून जायची, आणि मग पोर बटणांच्या डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत बसायची. त्याची मजुरी म्हणून मास्तर तिच्या बाहुलीला चिंध्यांचे झगे शिवून द्यायचे. दोघांचा धंदा झकास चालला होता.

"गोळी आहे का? खाऊ?"

"हं," मास्तर म्हणाले. त्यांचा सगळा जीव त्या बाहीत अडकला होता.

गोळीच होती ती, मास्तरांच्या रक्तदाबाची. त्या गोळ्यांची बाटली झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडायची नाही, आणि जन्मभर कात्री चालवून मास्तरांची बोटं आखडलेली. रोज सकाळी त्या झाकणाशी झटापट करून बिचारे मेटाकुटीला यायचे. शेवटी एकदा शेजाऱ्याकडून बाटली उघडून घेतली, गोळ्या बटणांच्या डब्यातल्या रिकाम्या खणात ओतल्या आणि बाटली फेकून दिली. डबा सदा हाताशी, म्हणजे गोळी चुकायची भानगडच नको. मोठी अक्कल लढवली असं वाटलं होतं त्यांना. मुलीनं पाहिलं तेव्हा ती चिडली होती, पोर खेळते त्या डब्याशी म्हणून. पण गुंडी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, असं म्हणून मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं.

जेवायला हाक मारली तर पोर उठेना. मान टाकलेली, अंग गार. मास्तर तिला उचलून अनवाणी रस्त्यावर धावले आणि समोर आलेल्या गाडीला आडवे झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं हिनं? मास्तरांनी डबाच पुढे केला, बटणांसकट. तो काखेत कधी मारला हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पोर वाचली. पण वाचेल की नाही हे ठरायचं होतं, तेव्हा बाहेरच्या बाकावर मास्तर मुलीला म्हणाले, "तिनं मला विचारलं होतं गं. मी हो म्हणालो."

मुलगी उठली आणि आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तरी मास्तरांना बरं वाटलं असतं.

पुढं मास्तरांनी सगळं केलं. त्यांनाही हात वर केल्याशिवाय गाठता येणार नाही असं कपाट भिंतीवर ठोकून घेतलं, त्याला कुलूप लावलं. गोळ्या आता बाटलीतच राहायच्या. औषधवाल्यानं सोप्या झाकणाची बाटली दिली, पण कुलपात ठेवीन असं कबूल करून घेतलं. टाचण्या तोंडातून मनगटावरच्या गादीत गेल्या. मुलगी आली, कुलूप ओढून बघितलं, छान केलंत म्हणाली आणि निघून गेली. पोर पाळणाघरात जायला लागली होती.

वाढदिवसाला मास्तरांनी अंदाजानं फ्रॉक शिवून धाडला. तो घेऊन मुलगी एकटीच आली.

"आखूड झाला, बाबा."

"मग तिला घेऊन ये ना. माप घेतो. दारातच उभी कर, हवं तर."

मुलगी खाली बघत फ्रॉकची घडी घालत राहिली. "आली की राहायचा हट्ट धरील. अजून रोज विचारते, आजोबांची बटणं कोण लावतं म्हणून. मला 'नाही' म्हणवणार नाही तिला." घातलेली घडी तिनं पुन्हा उलगडली. "राग नाही हो राहिला, बाबा. भीती जात नाही."

मास्तरांनी मान हलवली. खरंच होतं ते. तिच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि हे कळत असूनही त्यांचं काळीज तुटत होतं.

"बरं," ते म्हणाले, "कुठवर आली आता?"

मुलीनं कमरेपाशी हात धरला, तळवा जमिनीकडे. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि गुडघ्यावर बसले.

"हात हलवू नकोस."

टेपचं एक टोक त्यांनी तिच्या तळव्याला टेकवलं आणि दुसरं सावकाश जमिनीपर्यंत सोडलं. आकडा मनात धरला. मग खांद्याचं माप घ्यायला म्हणून टेप हवेत आडवी धरली, आणि तशीच धरून बसून राहिले.