लिमलेटच्या चार गोळ्या

विमानतळाच्या बसमध्ये अर्ध्या वाटेवर काकूंनी सहज पासपोर्ट उघडला, तर आतून काकांच्या मिशा त्यांच्याकडे बघायला लागल्या.

काका छपाईची यंत्रं दुरुस्त करायला अठ्ठावीस वर्षं परदेशी जात होते. दर वेळी बॅग काकूंनीच भरली, पासपोर्टही वरच्या कप्प्यात त्यांनीच सरकवला. आज आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निघाल्या, तरी हातांनी सवय सोडली नाही. खणातून काकांचाच पासपोर्ट उचलला. आणि काका? निवृत्त होऊन गुडघा धरून बसले, पण बॅग छान भरायचीस हं, असं चुकूनही कधी म्हणाले नव्हते.

काकूंच्या परदेशातल्या धाकट्या बहिणीचं उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं. "मला आत नेण्याआधी तू समोर दिसली पाहिजेस, ताई," असं ती फोनवर रडत म्हणाली होती. पुढचं विमान थेट परवा.

पुढच्या थांब्यावर काकू चालकाजवळ गेल्या. चालक बाई होती आणि चांगलीच फटकळ होती.

"मागच्या बसमधून पासपोर्ट येईल का हो माझा? आमचं घर शहरातल्या स्टँडच्या मागेच आहे."

"नुसता पासपोर्ट नाही घेत आम्ही, काकू. नियम आहे. बरोबर माणूस हवा. घरी कोण आहे?"

"हे आहेत. पण यांचा गुडघा..."

"गुडघ्याला सांगा, बस दहा मिनिटांत सुटतेय," असं म्हणत तिने वायरलेस उचलला आणि काका चढल्याशिवाय हलायचं नाही, असं मागच्या चालकाला बजावलं.

काकूंनी घरी फोन लावून सगळं सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "कुठला खण?"

विमानतळावर त्या बाईने काकूंची बॅग स्वतः खाली उतरवून दिली. "येतील," ती म्हणाली. ओळख ना पाळख, पण घरच्यासारखं केलं तिने.

काउंटर बंद व्हायला अकरा मिनिटं उरली तेव्हा मागची बस आली. दार उघडताच चालक ओरडला, "काकू, तुमच्यासाठी गाडी तीन मिनिटं थांबवली आणि हे दुकानात उभे! हॉर्न वाजवून वाजवून हात दुखला माझा."

काका लंगडत उतरले. पायात घरातल्या चपला, शर्टाचं एक बटण वरखाली, चेहरा घामाने डबडबलेला.

"इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला दुकान सुचतंय?" काकू कडाडल्या.

"हो. पळ आता." काकांनी पासपोर्ट आणि एक लहानशी कापडी पिशवी त्यांच्या हातात कोंबली.

काकू पळाल्या. काउंटर गाठलं, बॅग आत गेली, बोर्डिंग पास हातात पडला. मग तपासणीच्या रांगेत उभं राहून त्यांनी पिशवी उघडली. ती त्यांनीच कधीतरी काकांसाठी शिवली होती. आत लिमलेटच्या गोळ्या होत्या. विमान चढता-उतरताना कान दुखतात, म्हणून काकांच्या बॅगेत त्या दर वेळी ठेवायच्या तशाच, मोजून चार.

त्यांनी फोन लावला. काका परतीच्या बसमध्ये बसले होते.

"त्या चालक बाईंना माझा नमस्कार सांगा हं."

"सांगितला. हीच बस आहे तिची. हाताला धरून वर घेतलं मला."

"अहो, पण चारच ते बरं लक्षात राहिलं तुमच्या?"

"दोन जायच्या, दोन यायच्या. तिसरी तोंडात टाकली की वाटायचं, चला, आता घर आलं." मग काकांनी बजावलं, "यायच्या दोन तिकडे वाटून टाकू नकोस. मी न्यायला येतो."

काकूंचे डोळे भरून आले. म्हणजे अठ्ठावीस वर्षं सगळं पोचत होतं तर.