मागच्या तिघांना खुर्ची नव्हती

मित्रांनो, इंग्लंडातल्या लिंकनशरमधल्या एका जुन्या विमानतळावर, विमानं ठेवायच्या पत्र्याच्या हँगरच्या कोपऱ्यात मी पडून आहे. मी एक खुर्ची आहे. खुर्चीने बसून बसून कंटाळावं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मी कंटाळले आहे खरी. साधी खुर्ची असते तर कदाचित कंटाळले नसते. मी आहे लष्करी विमानातली, संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची. माझं सगळं आयुष्य एका क्षणासाठी होतं, आणि तो क्षण येऊन गेल्याला फार वर्षं झाली.

माझ्या घराण्याची हकिगत थोडक्यात सांगते. पूर्वी वैमानिकाला विमान सोडायचं असलं, की तो पट्टे काढून विमानाच्या काठावर चढायचा आणि उडी मारायचा. विमानं संथ होती तोवर हे चालून गेलं. मग जेट विमानं आली. त्या वेगात वारा माणसाला बसल्या जागी दाबून धरायचा, आणि एखादा निसटलाच तर विमानाचं शेपूट त्याला गाठायचं. म्हणून खुर्चीसकट माणूस बाहेर फेकायचं ठरलं. आधी वाळूची पोती फेकून पाहिली. मग जिवंत माणसं आपण होऊन उंच रुळांवरच्या खुर्चीत बसली आणि बंदुकीच्या दारूच्या धक्क्याने वर गेली. त्यांतली काही पाठ धरून खाली उतरली. तेव्हा कळलं, की एकदम लाथ मारली तर मणका मोडतो, धक्का चढत चढत द्यावा लागतो. आज वैमानिक वाचला की लोक माझं नाव घेतात. त्या पाठ दुखवून घेतलेल्या माणसांची आठवण मात्र कोणी काढत नाही.

माझ्या मोठ्या बहिणी माणसाला बाहेर काढायच्या, पण पुढे पट्टे सोडणं, हवाई छत्री उघडणं हे त्याचं त्यालाच करावं लागे. शुद्ध हरपलेला माणूस हे कसं करणार? माझ्या वेळेपर्यंत आमच्यात घड्याळासारखी चक्रं बसवली गेली होती आणि ती कामं मीच करत असे. वैमानिकाने फक्त डोक्यावरची मूठ दोन्ही हातांनी तोंडावरून खाली ओढायची. तिच्याबरोबर येणारं जाड कापड चेहरा झाकायचं. हात वर गेल्यामुळे पाठही ताठ व्हायची. बाकी सगळं माझ्याकडे. दोन्ही हातांनी, हे तेवढं ध्यानात ठेवा.

दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा मला एका मोठ्या बॉम्बफेकी विमानात बसवलं. त्यात पाच माणसं असत. पुढे दोन वैमानिक, शेजारी शेजारी. त्यांच्या मागे, खालच्या अंगाला, तिघं जण विमानाच्या शेपटाकडे तोंड करून बसत. ते वाट आखत, यंत्रं सांभाळत. दोन्ही वैमानिकांना माझ्यासारख्या खुर्च्या होत्या. मागच्या तिघांना साधी आसनं. संकट आलं तर त्यांनी उठायचं, पोटाखालचा दरवाजा उघडायचा आणि घसरत बाहेर पडायचं.

माझी देखभाल इबटसन नावाचा यॉर्कशरचा एक कॉर्पोरल करत असे. माझ्या पोटातली दारू चुकून पेटू नये म्हणून एक लाल चकतीची खीळ असे. उड्डाणाआधी ती काढायची, उतरल्यावर परत लावायची. ते काम तो ओठ घट्ट मिटून करायचा. मागच्या तिघांत लायनेल लॅव्हरिक नावाचा वाट आखणारा अधिकारी होता. सगळ्यांत वयाने मोठा, डोक्याला टक्कल, आणि तोंड सतत चालू. शिडीवरून वर येताना तो इबटसनची कळ काढायचा.

"काय रे, पुसलंस का महाराजांचं सिंहासन?"

"पुसलं साहेब. तुमच्यासाठी आत एक पाट टाकलाय."

"पाट? अरे, प्रगती आहे. गेल्या खेपेला जमिनीवरच बसलो होतो."

सगळे हसत. विमानाचा कप्तान अल्विन प्रॉसर मात्र हसत नसे. हा वेल्समधला, कमी बोलणारा तरुण. एकदा माझे पट्टे आवळता आवळता तो लॅव्हरिकला म्हणाला, "लायनेल, मला याची लाज वाटते रे."

"लाज कसली? तू बनवलीस का ही? गप बस आणि विमान नीट चालव. नीट चालवलंस तर तुलाही ती लागणार नाही आणि मलाही नाही."

मागेही अशा खुर्च्या बसवाव्यात, अशी बोलणी वरच्या लोकांत अधूनमधून व्हायची. जागा करता येईल, असंही कोणी म्हणायचं. मग खर्च निघायचा, वेळ निघायचा, आणि पुढच्या वर्षी पाहू असं ठरायचं. पुढच्या वर्षीही तेच ठरायचं.

असा एक ऑक्टोबर आला. शेतात बीट काढायला झालं होतं. दुपारच्या स्वच्छ उजेडात आम्ही परत येत होतो, आणि उजव्या पंखातलं एक इंजिन फुटलं. पंखाला आग लागली. विमान उजवीकडे कलायला लागलं आणि खाली जाऊ लागलं.

"मागचे सगळे बाहेर!" प्रॉसर ओरडला. शेजारच्या वैमानिकालाही त्याने जायला सांगितलं. पुढचं छत उडालं, शेजारची माझी बहीण त्याला घेऊन गेली, आणि वारा आत घुसला.

प्रॉसरने विमान वळवायचा दांडा दोन्ही हातांनी डावीकडे दाबून धरला होता. मित्रांनो, आता ते दोन्ही हातांचं आठवा. हात दांड्यावर होते तोवर विमान कसंबसं सरळ राहत होतं, आणि मागच्या माणसांना दरवाजापर्यंत सरकता येत होतं. हात माझ्या मुठीकडे गेले असते तर विमान उलटलं असतं आणि मागची माणसं आतच चिरडली गेली असती. माझी मूठ त्याच्या डोक्याला लागत होती. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

मागचा एक बाहेर पडला. दुसरा अडकला, त्याला लॅव्हरिकने ढकलून बाहेर काढलं. कानातल्या यंत्रात लॅव्हरिकची धाप ऐकू येत होती.

"लायनेल, चल!"

"माझी काळजी करू नकोस. तू मूठ धर."

"तू जा आधी!"

"अरे निघालो मी, निघालो! ओढ आता!"

मग काहीच ऐकू आलं नाही. दरवाजातून उडी मारली की बोलण्याची तार तुटते, तशीच शांतता होती. बिटाच्या ओळी एक एक करून दिसायला लागल्या होत्या. प्रॉसरने एक श्वास थांबून पाहिलं. मग दांडा सोडला आणि मूठ ओढली.

मी माझं काम केलं. चढत चढत धक्का दिला, वेग आवरणारी लहान छत्री सोडली, पट्टे उघडले, त्याला त्याच्या मोठ्या छत्रीकडे सोपवलं आणि मी एकटी खाली कोसळले. त्याची छत्री जेमतेम फुगली तोच त्याचे पाय जमिनीला लागले. पाठीचे दोन मणके दबले, पण तो जगला. लॅव्हरिक विमानाजवळच सापडला. तो आधी बाहेर पडला होता की शेवटच्या घटकेला फेकला गेला, ते कोणाला सांगता आलं नाही. मलाही नाही. माझं तोंड पुढे होतं.

काही दिवस माझं फार कौतुक झालं. लोक येऊन मला हात लावून पाहत. इबटसनही आला. त्याने माझ्यावरचा चिखल फडक्याने पुसला आणि गेला. पुढे माझ्या धाकट्या बहिणी आल्या. त्यांच्या पोटात अग्निबाण असतो, जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातूनही त्या माणसाला उंच नेऊन सुखरूप उतरवतात. मग मला कोण विचारतो? अडगळीत कबुतरं माझ्यावर बसली, पट्ट्यांना बुरशी आली. शेवटी या हँगरचं संग्रहालय झालं आणि मला कोपरा मिळाला. रविवारी मुलं माझ्यावर चढतात, मूठ ओढतात, तोंडाने धडाम् करतात. दारू कधीच काढून टाकली आहे. ओढू दे बापडी.

एका रविवारी संग्रहालयाच्या लोकांनी प्रॉसरला बोलावलं. तो काठी टेकत आला. माझ्यासमोर उभा राहिला, पण बसा म्हटल्यावर बसला नाही. तेवढ्यात मागून एक म्हातारी बाई आली.

"तुम्ही प्रॉसर ना? मी हेस्टर लॅव्हरिक."

"मी यायला हवं होतं तुमच्याकडे. तेव्हाच. दारापर्यंत आलो होतो, एकदा नव्हे, बऱ्याचदा. घंटी वाजवायचा धीर झाला नाही."

"एकदा पाहिलं होतं मी खिडकीतून. मलाही दार उघडायचा धीर झाला नाही." मग तिने विचारलं, "शेवटी काय म्हणाला तो?"

"निघालो म्हणाला. म्हणून मी... निघालो, निघालो, असं म्हणाला."

हेस्टरच्या ओठांवर काहीतरी आलं, ते हसू होतं की काय, मला कळलं नाही.

"निघालो होय? अहो, घरी बूट शोधत असायचा तेव्हाही तो निघालोच म्हणायचा. बाहेर मंडळी गाडीत खोळंबलेली, आणि हा आतून ओरडतोय, निघालो!"

प्रॉसरचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे तो तेव्हा आतच..."

"मला काय ठाऊक? मी नव्हते तिथे. पण नवरा माझा होता. आपल्यापायी कोणी खोळंबलेलं त्याला खपायचं नाही. तुम्ही थांबला असतात ना, तर तिथेही तुम्हाला शिव्या घातल्या असत्या त्याने." तिने माझ्या पट्ट्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "यात दोघं मावत नाहीत, नाही का?"

"नाही. एकच."

"आणि मागे आणखी तीन ठेवता आल्या असत्या?"

"हो. आल्या असत्या."

तिने हात काढून घेतला. "चला, चहा घेऊ. तुमच्या पाठीला इतकं उभं राहणं बरं नाही."

दोघं हळूहळू चहाच्या टेबलाकडे गेली. ती पुढे, तो मागे. त्यानंतर ती दोघं मला पुन्हा दिसली नाहीत.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी म्हणणार नाही. माझं आता काय व्हायचं ते होऊ दे. पण तुमच्यातलं कोणी उद्या विमान बांधेल, कोणी बोट, कोणी शाळेची इमारत. तेव्हा आत किती माणसं असतील ते मोजा, आणि प्रत्येकाला बाहेर पडायची वाट ठेवा. मोजायला मात्र सगळ्यांत मागे बसलेल्या माणसापासून सुरुवात करा. पुढच्यांना कोणी विसरत नाही.