एका बाजूला चामडं

जून महिन्यातल्या त्या शुक्रवारी सकाळी माझा नवरा विल्फ रेडिओसमोर बसून रडला. आनंदानं. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला दोनदाच रडताना पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा कुत्रं मेलं होतं. ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला होता. त्यानं तसंच मत दिलं होतं, आणि मी शेजारच्याच आडोशाला उभी राहून नेमकं उलटं. मी चहाचा कप त्याच्यापुढे आदळला.

"आता तरी आपल्यासारख्यांचं कुणी ऐकेल गं, एव्हरिल," तो म्हणाला. "शहरातला बाळंतपणाचा विभाग बंद केला, तेव्हा विचारलं का कुणी आपल्याला? डॉक्टरची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात."

"आणि उद्यापासून डॉक्टर घरी येणार वाटतं, तुझ्या गुडघ्याला मलम चोळायला!"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला कळत होतं. म्हणून तर जास्तच राग येत होता.

आमच्या थॉर्नबीच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, आणि त्या वाजवणारे आम्ही बरोबर सहाच जण. विल्फ आमचा कप्तान. सराव दर शुक्रवारी संध्याकाळी. तिसरी घंटा ग्राझिनाची. ही पोलंडची बाई कोबी भरायच्या शेडमध्ये काम करायला नऊ वर्षांपूर्वी इथं आली. एकदा मनोऱ्याखाली उभी राहून ऐकत होती, तर विल्फनं तिला वरच बोलावलं. मग अख्खा हिवाळा तिच्या हातांवर हात ठेवून दोर कधी सोडायचा, कधी धरायचा ते शिकवलं. तिथं चूक झाली तर दोर माणसाला उचलून छताकडे नेतो. तिला त्यानं एकदाही चुकू दिलं नाही. 'पोरी' म्हणतो तिला. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा बाकीचं काय ते समजा.

त्या शुक्रवारी ग्राझिना आली नाही. आम्ही पाच जण दोर धरून ताटकळत राहिलो. तेवढ्यात आमचा पबवाला नॉर्मन ट्रॉट धापा टाकत जिना चढून आला.

"पुढच्या शनिवारी दुपारी माझ्याकडे विजयाची पार्टी आहे. घंटा वाजल्या पाहिजेत, विल्फ!"

पाद्रीबाई रजेवर होत्या, नाहीतर त्यांनी दोघांचेही कान उपटले असते. विल्फ खुशीत होता. हो म्हणून बसला.

रविवारी आम्ही ग्राझिनाकडे गेलो. आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. घराला आग लागली तरी आम्ही आधी हवापाण्याचं बोलून घेऊ. विल्फनं जॅमची बरणी तिच्या टेबलावर ठेवली आणि पाऊण तास पावसावर, वाटाण्यावर आणि तिच्या गळक्या नळावर बोलत बसला. मतदानाचा विषयच नाही. त्याला वाटत होतं, हाच सभ्यपणा. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"कप्तान, झुझियाला शाळेत मैत्रिणीनं विचारलं, तुम्ही कधी निघणार म्हणून. चिडवायला नाही हो, खरंच विचारलं. माझ्या लेकीला मी काय सांगू?"

विल्फ कानापर्यंत लाल झाला. "अगं पोरी, मी तुझ्याविरुद्ध थोडंच मत दिलं! तू तर आमच्यातलीच."

"कागदावर तसा चौकोन होता का? 'ग्राझिना सोडून' असा?"

मला हसू आलं. ती म्हणाली, भाऊ पोलंडात, पोझनानला परत बोलावतोय, तिथं काम आहे, ऑगस्टच्या आत ठरवायचंय. विल्फ काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. त्यानं नळ पुन्हा एकदा पाहून घेतला.

"राहा म्हणायला तुझी जीभ झिजली असती का?" बाहेर आल्यावर मी त्याला धारेवर धरलं.

"तिचा निर्णय आहे. आपण कोण सांगणारे?"

शनिवारी आम्ही पाच घंटांवरच भागवणार होतो. तर शेडमधले बूट तसेच पायात घालून ग्राझिना जिन्यातून वर आली आणि तिसऱ्या दोराशी उभी राहिली.

"घंटा वाजवायला बोलावलं की यायचं, लग्न कुणाचं ते विचारायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."

विल्फनं सुरुवातीची हाक द्यायला तोंड उघडलं आणि हातातला दोर सोडून दिला. मग म्हणाला, "नको. उतरा सगळे. मला नाही जमणार."

"अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून आलेय मी!" ग्राझिना भडकलीच. "अर्धं गाव खुशीत आहे, असू दे. अर्धं नाहीये. मग चामडं बांधा ना!"

गावात कुणी गेलं की आम्ही घंटेच्या लोलकाला एका बाजूनं चामडं बांधतो. एक ठोका खणखणीत पडतो आणि पुढचा दबका, लांबच्या शेतातून आल्यासारखा. विल्फनं माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"बांध," मी म्हटलं.

दुखऱ्या गुडघ्यानं तो शिडी चढला आणि सहाही घंटांना चामडं बांधून खाली आला. मग आम्ही वाजवल्या. एक ठोका नॉर्मनचा, एक माझा. कोण गेलं म्हणून म्हाताऱ्या बायका दारात आल्या. पबच्या अंगणात नॉर्मन ग्लास हातात घेऊन उभा होता म्हणे, उंचवावा की टोपी काढावी ते कळेना त्याला. मी वाजवता वाजवता रडले, आणि आठ दिवसांनी मला माझा नवरा पुन्हा आवडला.

घंटा थांबल्या. दोर गुंडाळताना विल्फ घसा खाकरून म्हणाला, "संध्याकाळकडे पाऊस येईलसं..." आणि अडला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "जाऊ नकोस, पोरी."

मी एकदा महिनाभर रागावून बहिणीकडे जाऊन राहिले होते. तेव्हासुद्धा ह्या माणसानं मला पत्र लिहिलं ते टोमॅटोबद्दल.

ग्राझिनानं हातातला दोर गुंडाळून अडकवला. "आठ दिवस झाले, कप्तान," ती म्हणाली. "सगळे इतके चांगले वागले माझ्याशी. केक आणले, फुलं आणली. पण हे कुणी म्हणालंच नाही."

मग तिनं तिथंच भावाला फोन लावला. पोलिश मला कळत नाही. पण पलीकडून तो बराच वेळ ओरडत होता, आणि ती डोळे पुसत हसत होती.