चूलबंद तिकीट

केजहून धारूरकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला एक माळ लागतो. त्याच्या पायथ्याशी विजयसिंहांच्या संस्थेचं हॉकीचं मैदान आहे, निळ्याशार कृत्रिम गवताचं, गालिच्यासारखं. जानेवारीत तिथं सतरा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. श्रीलंका, नेपाळ, केनिया आणि मलेशियाचे संघ आले, आणि आपले दोन, एक पुण्याचा अन् एक मराठवाड्याचा.

स्पर्धेची सगळी व्यवस्था प्रियदर्शनीकडे होती. ती विजयसिंहांची पुतणी. पुण्यात खेळांच्या व्यवस्थापनाचं शिकून तिथंच दोन वर्षं नोकरी केलेली. काकांनी फोन करून बोलावलं आणि ती बॅग उचलून आली. आल्या आल्या दोघांचं भांडण झालं ते तिकिटावरून.

"तिकीट कशाला? टेम्पो लावू, गावोगावची माणसं आणू, वर पुलाव ठिवू," काका म्हणाले. आयुष्यभर त्यांनी सभा अशाच भरवल्या होत्या.

"काका, आणलेली माणसं पुलाव खाऊन निघून जातात. ज्याला खेळ बघायचाय तो पैसे देऊन येईल. पुण्यात येतातच की."

"हे पुणं न्हाई, माय."

पण विजयसिंहांचा पुतणीवर जीव. त्यांनी मान डोलावली. तिकीट दोनशे रुपये ठरलं, सावलीतल्या खुर्चीचे पाचशे. खेळाडूंच्या घरच्यांसाठी दोन-दोन पास. प्रियदर्शनीनं तिकिटं छापली, चौकात फलक लावले आणि उद्घाटनाच्या दिवशी नवी साडी नेसून फाटकापाशी उभी राहिली.

कुणी आलंच नाही. म्हणजे आले ते सत्काराचे मानकरी, तिकीट काढून आलेले दोन शाळांचे शिक्षक आणि मोबाईलवर बातमी करणारे चार-पाच जण. केनियाच्या मुलीनं पहिला गोल केला तेव्हा टाळ्या इतक्या कमी वाजल्या की त्या पोरीनं आपण चुकून काही नियम मोडला की काय म्हणून पंचाकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत मोकळ्या गॅलरीचा फोटो तालुकाभर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'केजमध्ये खुर्च्यांचा आंतरराष्ट्रीय सामना.'

प्रियदर्शनी त्या रात्री जेवली नाही. काकांनी तिला एका शब्दानंही बोल लावला नाही, फक्त विचारलं, "सांगू का टेम्पोवाल्यांना?"

"नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मराठवाड्याचा सामना नेपाळशी होता. गॅलरी पुन्हा रिकामीच होती. पण मैदानावरून वर बघितलं तर माळावर माणूसच माणूस. बायका, पोरं, म्हातारी माणसं, कडेला चरणाऱ्या शेळ्या. कुणी घोंगडी अंथरलेली, कुणी हुरडा भाजायला घेतलेला. फुकटात सगळं मैदान दिसत होतं.

विजयसिंहांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी फाटकावरच्या नाथाला हाक मारली. "नाथा, मंडपवाल्याकडून कनाती आण. माळाच्या बाजूनं उंच लावून टाक. बघू कसं दिसतंय ते."

"थांबा काका," प्रियदर्शनी म्हणाली. "आधी मी वर जाऊन येते."

ती चप्पल सांभाळत माळ चढली तेव्हा मध्यंतर होऊन गेलं होतं. एका खडकावर भामाबाई बसल्या होत्या. मराठवाड्याची गोलरक्षक वैष्णवी ही त्यांची नात. वैष्णवीचे वडील बिभीषण आणि आई मेंढरं घेऊन गोदावरीकाठच्या रानात गेलेले, म्हणून वस्तीवरची बाकी सगळी मंडळी घेऊन म्हातारी आली होती. खाली बघून ती हातवारे करत होती. "अडव! अडव माय! श्याब्बास!" आणि मग दोन्ही हातांची बोटं कानशिलावर कडाकडा मोडून दृष्ट काढत होती.

"कोणाला बघायलात आजी?"

"नातीला. ती बघ की, ह्या अलीकडच्या जाळीत उभी हाय. मोठाल्या टोपड्यावाली."

प्रियदर्शनीनं खाली बघितलं. अलीकडच्या गोलात हेल्मेट घालून, पायाला जाड पॅड बांधून उभी होती ती नेपाळची मुलगी.

"आजी, ही वैष्णवी नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलतात. तुमची नात आता पलीकडच्या जाळीत गेली."

"कावून?"

"नियमच आहे तसा."

भामाबाई तिच्याकडे वळल्या. "म्हंजी मी मघापासनं ह्या परक्या पोरीची दिष्ट काढायलते?"

आजूबाजूचा सगळा माळ खदखदून हसला. भामाबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी कपाळावर हात आडवा धरला आणि पलीकडच्या गोलाकडे बघू लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"तिकडलं तर मला काईच दिसंना, माय," त्या हळूच म्हणाल्या.

प्रियदर्शनी पुढं वाकली. "तुम्हाला पास दिले होते ना आजी? मग आत का नाही बसलात?"

भामाबाईंनी पदराची गाठ सोडली. दोन्ही पास नीट घडी घालून ठेवलेले. "हे काय हायेत. पण पोरीचे मायबाप सोडून घरात आमी अकरा जण. कुणाला न्यायाचं अन् कुणाला माघारी ठिवायचं? समद्यांचीच ती पोरगी हाय."

शेजारी हुरडा चोळत बसलेला उत्तरेश्वर नावाचा शेतकरी मध्येच म्हणाला, "ताई, दोनशे रुपयं लई हायेत असं न्हाई. पण ते एकल्याचं झालं. एकल्यानं जाऊन काय करावं? परळीच्या जत्रंला कुणी एकटं गेल्यालं बघितलंय का तुमी? जायाचं तर घरादारानं जायाचं. घरादाराचं तिकीट काढावं तर बैल इकावा लागंल." त्यानं हुरड्याची मूठ तिच्या हातावर ठेवली. "खा. गरम हाय."

ती तिथंच खडकावर टेकली. पुण्यात तिनं सामन्यांना आलेली माणसं बघितली होती. मित्र यायचे, जोडपी यायची, कानात हेडफोन घातलेला एखादा एकटाही यायचा. तिकिटाची किंमत ठरवताना तिच्या डोळ्यांसमोर तेच होते. अकरा माणसांचं घर तिच्या हिशेबात आलंच नव्हतं, आणि ती स्वतः लहानपणी चौदा माणसांच्या पंगतीत जेवली होती.

खाली उतरली तेव्हा नाथा कनातीचे बांबू उतरवून घेत होता. सामना संपला होता. मराठवाड्यानं तो दोन-एकनं जिंकला होता आणि तो आनंद वर माळावरच साजरा चालला होता.

"काका, माणसाला तिकीट नको. घराला देऊ. एका घराचं एक तिकीट, पन्नास रुपये. घरातले सगळे या."

विजयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"म्हंजी चूलबंद आवतन!"

आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण दोन तऱ्हांचं असतं. एक नुसतं, घरटी एका माणसाला. दुसरं चूलबंद: ज्या घराला ते आलं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी यायचं.

"आधीच सांगायचं न्हाई का असं? हे तर आमाला समजतंय!" विजयसिंह म्हणाले. "अन् ते दोनशे भरून आलेले?"

"त्यांनाही सांगू, उपांत्य सामन्याला घरची माणसं घेऊन या."

"नाथा!" काकांनी हाक मारली. "त्या कनाती तिकडं न्हाई. मागच्या बाजूला बायामाणसांसाठी आडोसा कर, अन् एक पाण्याच्या टाकीला सावली."

मग त्यांनी अंगदला बोलावणं धाडलं. अंगद हा बैलगाडा शर्यतींत माईकवर बोलणारा माणूस. त्याचा आवाज ओढ्यापलीकडच्या गावात ऐकू जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो रिक्षावर भोंगा बांधून आसपासची गावं फिरला. "ऐका हो ऐका! केजच्या मैदानावर लंकेच्या पोरी आल्यात, केनियाच्या पोरी आल्यात, अन् त्यांच्यासंगं खेळायल्यात आपल्या पोरी! समद्या घराला एकच तिकीट! चूलबंद आवतन हाय, कुणी घरी राहू नगा!"

उपांत्य फेरीत मराठवाड्याची गाठ श्रीलंकेशी पडली. त्या दिवशी बारा वाजल्यापासूनच जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली येऊ लागल्या. एसटीच्या कंडक्टरनं म्हणे मैदानापाशी थांबा नसताना गाडी थांबवली आणि स्वतःच विचारलं, "खेळ कितीला सुरू व्हायलाय?" गाडी नसती तर तोही बघायला थांबला असता.

फाटकावर नाथाचा जीव मेटाकुटीला आला. एका घोळक्यात तीसेक माणसं होती, आणि पुढच्या म्हाताऱ्याच्या हातात एकच तिकीट.

"मामा, हे समदे एका चुलीवरचे?"

"व्हय की."

"ह्यो तर तुमच्या शेजारचा परमेश्वर हाय. मी वळखतो त्याला!"

"हाय ना. पण सकाळी आमी समदे एकाच चुलीवर जेवलोत. मुद्दाम. इचार त्याला, कालवण कशाचं होतं ते."

"वांग्याचं," परमेश्वर लगेच म्हणाला.

नाथानं हताश होऊन प्रियदर्शनीकडे बघितलं. ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना. तिनं नुसता हात हलवला. सोड, सगळे सोड.

भामाबाईंना तिनं गोलाच्या मागं, जाळीला लागून बसवलं. भोवती घरची दहा माणसं. वैष्णवी पॅड बांधून आली, तिनं हेल्मेट काढून आजीकडे बघितलं आणि ते पुन्हा डोक्यात घातलं. भामाबाई म्हणाल्या, "मध्यंतराला मी तुझ्यासंगं तिकडल्या जाळीला यीन बरं का." आणि आल्याही. मध्यंतरात अकरा जणांची ती वरात मैदानाला वळसा घालून पलीकडे गेली, तेव्हा लोकांनी त्यांनाच टाळ्या वाजवल्या.

माईकवर अंगद होता. त्याला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी बसलेले क्रीडाशिक्षक कानात सांगायचे आणि तो ते आपल्या भाषेत गर्जून टाकायचा. "चेंडू पायाला लागला, मंडळी! पायाला लावायचा न्हाई, काठीनंच खेळायचं! लंकेच्या पोरीनं लावला, म्हणून चेंडू आपल्याला!" लोकांना अर्ध्या तासात खेळ कळू लागला. शेवटच्या टप्प्यात श्रीलंकेनं बरोबरी साधली, एक-एक. शूटआउट आला, दोन्हीकडून पाच-पाच फटके.

"आता एकीला एक!" अंगदचा आवाज चिरकला. "आठ सेकंदांत गोल करायचा! तिकडून लंका, अन् जाळीत कोण? आपल्या बिभीषणची लेक!"

गॅलरीत हशा पिकला आणि लगेच चिडीचूप झालं. वैष्णवीनं पहिला अडवला. दुसरा अडवला, आडवी पडून. तिसरा गेला. चौथाही गेला. आपल्या पोरींचे मात्र तीन फटके बाहेर गेले. शेवटच्या फटक्याला वैष्णवी पुढं धावली, श्रीलंकेच्या उंच मुलीनं तिला हूल दिली आणि चेंडू हळूच जाळीत सरकला.

वैष्णवी तिथंच गुडघ्यावर बसली. मग भामाबाई जाळीला धरून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ऊठ माय! लई ब्येस खेळलीस!" त्यांच्या मागोमाग सगळी गॅलरी उभी राहिली. टाळ्या थांबेचनात. श्रीलंकेच्या मुली जिंकल्याचा नाच सोडून वैष्णवीपाशी आल्या, तिला उठवलं, आणि त्यांना वाटलं टाळ्या तिच्यासाठी आहेत. लोकांना विचाराल तर दोन्ही बाजूंसाठी होत्या.

पण प्रियदर्शनीला त्या संध्याकाळी नवीन काळजी लागली. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, श्रीलंका आणि केनिया. आपली एकही पोरगी मैदानात नाही. कोण येणार?

"काका, उद्या पुन्हा मोकळ्या खुर्च्या," ती म्हणाली.

"बघू की," काका म्हणाले. टेम्पोचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाहून जास्त माणसं आली. वैष्णवी आजीला घेऊन आली होती आणि तिला केनियाची कोण चांगली, लंकेची कोण चांगली ते सांगत होती. गॅलरीचे आपोआप दोन भाग पडले होते. आदल्या दिवशी ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांनीच करंडक न्यावा असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला केनियाच्या पोरींचं पळणं आवडलं होतं. उत्तरेश्वर केनियाकडे होता, त्याची बायको लंकेकडे, आणि मधे बसलेली पोरं दोन्हीकडून ओरडत होती.

सामन्याआधी विजयसिंह माईकपाशी गेले. खिशातून भाषणाचे चार कागद काढले. "मंडळी, आज या ठिकाणी..." एवढं म्हणतात तोच मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, खेळ चालू करा!" आणि सगळी गॅलरी तेच म्हणू लागली. विजयसिंहांनी कागदांकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि कागद खिशात घातले. "बरं, चालू करा," ते म्हणाले आणि बसायला जागा नव्हती म्हणून सरळ कडेच्या मातीवर मांडी घालून बसले.

केनियानं सामना दोन-एकनं जिंकला. शेवटचा गोल अगदी शेवटच्या मिनिटाला झाला. श्रीलंकेच्या मुली रडल्या, केनियाच्या मुलींनी गॅलरीसमोर नाच केला आणि गॅलरीनंही थोडा केला.

दिवस मावळताना लोक परतू लागले. प्रियदर्शनी फाटकाला टेकून उभी होती. पाय दुखत होते, घसा बसला होता. तिच्या समोरून उत्तरेश्वर आणि त्याची बायको तावातावानं बोलत चालले होते.

"त्यो गोल व्हायाच नको होता," बायको म्हणत होती. "त्याच्याआधी चेंडू त्या पोरीच्या पायाला लागल्याला. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं."

"काठीला लागला तो. तुला काय कळतंय?"

"मला कळंना? आन् तुला कवापून कळाया लागलं रं?"

रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांचं भांडण ऐकू येत होतं.