जावयाच्या हातचं सूप

आचारीबुवांनी एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभा जन्म काढला. दोन्ही पाळ्यांचे कामगार त्यांच्या हातचं जेवून मशीनवर उभे राहायचे, आणि मटणाचा बेत असला की साहेब लोकही आपले डबे बाजूला सारून रांगेत यायचे. निवृत्त झाल्यावर बुवांनी घरातलं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बायकोनं ते हसत हसत देऊन टाकलं. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. बोलणं ही तिची नोकरीही होती आणि हौसही. चूल कधीच तिच्या जिवाभावाची नव्हती.

"आजवर परक्यांना खाऊ घातलंत, आता मला घाला," ती म्हणाली होती, आणि बुवांनी ते फार मनावर घेतलं. रोज तिचं ताट वाढायचं, समोर उभं राहायचं, पहिला घास तिच्या तोंडात गेला की विचारायचं, "कसं झालंय?" ती डोळे मिटून मान डोलवायची. बुवांना तेवढं पुरे होतं.

मग ती तापानं पडली. ताप कसला, हाडं खिळखिळी करणारं दुखणंच ते. हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस पातळ, मऊ, हलकं द्या. पण पोटात जाऊ द्या, अंगात ताकद उरलेली नाही. मदतीला म्हणून लेक, जावई आणि त्यांची छोटी चिमणी मागच्या खोलीत राहायला आले. लेक छापखान्यात होती, तिला संध्याकाळ व्हायची. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. पहाटे बाहेर पडायचा आणि दुपारी जेवायच्या वेळेला घरी हजर.

पातळच द्यायचं ना? बुवांनी बाह्या सरसावल्या. सकाळपासून मंद आचेवर हाडं उकळली, वर येणारा फेस काढत राहिले, पातळ फडक्यातून दोनदा गाळलं. वाटीचा तळ दिसावा इतकं नितळ सूप! ते घेऊन ते पलंगापाशी उभे राहिले.

"कसं झालंय?"

"छान झालंय हो," ती म्हणाली. तीन चमचे घेतले आणि वाटी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी कोंबडीचं केलं. "छान झालंय." दोन चमचे.

तिसऱ्या दिवशी जावई कामाचे कपडे न बदलताच स्वयंपाकघरात आला. "बाबा, मी जरा करून बघू का?"

"तुम्ही? करा की जावईबापू. स्क्रू-ड्रायव्हर देऊ का?"

जावई हसला. त्यानं लोण्यावर कांदा परतला, गाजरं आणि एक बटाटा कसाबसा चिरून टाकला, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. गाजर मऊ झाल्यावर सगळं मिक्सरमध्ये फिरवलं, मीठ-मिरपूड घातली, थोडं दूध घातलं, झालं! बुवा दाराला टेकून बघत होते. ना फोडींना आकार, ना आचेचं भान. कॅन्टीनमध्ये असल्या पोऱ्याला त्यांनी कांदे सोलायलासुद्धा ठेवलं नसतं.

जावई वाटी घेऊन सासूच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला होता तो आवाज. मग चमचा वाटीच्या तळाशी खरवडल्याचा आवाज आला, आणि बुवांच्या काळजात कोणीतरी तोच चमचा फिरवल्यासारखं झालं.

रिकामी वाटी ओट्यावर आली. "आईंनी सगळं संपवलं," जावई खूश होऊन म्हणाला.

"भूक लागली असेल," बुवा म्हणाले.

तेव्हापासून घरात सूपराज्य सुरू झालं. मसुरीचं, लाल भोपळ्याचं, मक्याचं, उरलेल्या भाज्यांचं. लेक म्हणायची, "बाबा, किती सुटसुटीत आहे हो! एक पातेलं, एक मिक्सर, आणि सगळ्यांचं जेवण तयार." भाजी बघून तोंड फिरवणारी चिमणी पाव बुडवून बुडवून वाटी पुसून घ्यायची आणि वर विचारायची, "आजोबा, तुम्हाला सूप येतं का?" शेजारीण तर जावयाला कृती विचारायला आली. बुवा तिथेच बसले होते. आजवर तिनं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं!

बुवांचा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा घरात कोणी नाही असं बघून त्यांनी पातेल्यातलं भोपळ्याचं सूप चमचाभर चाखलं. वाईट असतं तर त्यांचा जीव थंड झाला असता. पण ते बरं होतं. चांगलं नव्हे, बरं. त्या बऱ्यावर त्यांची बायको वाट्या संपवत होती आणि त्यांच्या उत्तमाला तीन चमच्यांवर निरोप देत होती.

मग त्यांनी ईर्ष्येनं तेच भोपळ्याचं सूप केलं. भोपळा आधी भाजून घेतला, लसूण तांबूस केला, गाळणीतून दाबून रेशमासारखं काढलं. वाटीही तीच घेतली. समोर उभे राहिले.

"कसं झालंय?"

"फारच छान." आणि अर्धी वाटी तशीच उरली.

उरलेलं सूप त्यांनी मोरीत ओतलं आणि वाटी इतकी घासली की लेक म्हणाली, "बाबा, कल्हई निघेल!" त्यांच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. ही माझी बायको. हिच्या जिभेला मी सवय लावली. आणि आज ही जीभ त्या लिफ्टवाल्यानं पळवली.

पुढचं जे घडलं ते बुवांनी ठरवून केलं नाही. सुट्टीचा दिवस होता, सगळे घरीच होते. जावयानं मसुरीचं सूप केलं, चाखलं, मान डोलवली, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि तो दुसऱ्या कारागिराला काय करायचं ते सांगत गॅलरीत गेला. ओट्यावर पातेलं वाफाळत होतं. शेजारी मिठाचा डबा उघडा. बुवांचा हात डब्यात गेला, मूठ भरून बाहेर आला आणि पातेल्यावर उघडला. त्यांनी पळीनं दोनदा ढवळलंसुद्धा. मग ते नळाखाली हात धूत राहिले, कितीतरी वेळ.

जावयानं पहिली वाटी नेहमीसारखी सासूच्या खोलीत नेली. बुवांच्या घशाशी शब्द आले, "थांब!" पण बाहेर पडले नाहीत. ती एक घोट घेईल, तोंड वाकडं करेल, वाटी परत येईल, त्यांनी मनाशी म्हटलं. एकदा, फक्त एकदा ती वाटी भरलेली परत यायला हवी होती त्यांना.

टेबलापाशी लेकीनं बाकीच्या वाट्या भरल्या. चिमणीनं पहिला घोट घेतला तसा टेबलावरच थुंकला आणि भोकाड पसरलं. लेकीनं चाखलं. "अगं आई गं! मीठ आहे की काय हे!"

तेवढ्यात जावई बाहेर आला. त्याच्या हातात रिकामी वाटी होती.

"काय झालं?"

"आईनं हे खाल्लं?" लेकीनं विचारलं.

"सगळं. का?"

त्यानं तिच्या वाटीतलं चमचाभर तोंडात घातलं आणि त्याचा चेहरा पडला. "पण मी तर चाखून बघितलं होतं," तो पुटपुटला. मग पाण्याचा तांब्या घेऊन आत धावला. बुवाही त्याच्यामागून गेले.

पलंगावर बायको उशीला टेकून बसली होती, अगदी निवांत. घामेजलेल्या जावयाकडे तिनं पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, दारातल्या लेकीकडे पाहिलं.

"खारट होतं का रे?" तिनं हळूच विचारलं.

लेकीनं होकारार्थी मान हलवली. तिनं सुस्कारा सोडला. "मला कळलं नाही. ताप आल्यापासून मला कशाचीच चव लागत नाही. गोड नाही, खारट नाही, काहीच नाही. तोंडात कोमट ओला कापूस घातल्यासारखं वाटतं."

जावयानं तिला भरपूर पाणी पाजलं. लेकीनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी धीर दिला, पाणी देत राहा म्हणाले, आणि दुखण्यानंतर असं होतं, चव हळूहळू परत येईल असंही सांगितलं. सगळं जरा शांत झाल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही सगळे जरा बाहेर जा. अहो, तुम्ही नाही."

बुवा खाली मान घालून उभे राहिले.

"बसा आधी. सारखे उभे काय राहता?"

ते पलंगाच्या कडेला टेकले.

"मूठ भरून ना?" तिनं विचारलं. "या घरात मीठ मुठीनं घेणारे तुम्ही एकटेच. बाकी सगळे चमच्यानं घेतात."

बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्याचं सूप तुला आवडतं," ते कसेबसे म्हणाले. "माझं उरतं."

"मला कोणाचंच आवडत नाही! चवच नाही तर आवडेल कुठून?"

एवढी शरम वाटत असतानाही, कबूल करायला हवं, बुवांच्या पोटात गारवा पसरला. म्हणजे त्याचंही आवडत नव्हतं तर!

"मग त्याचं संपवतेस कशी?"

"तो वाटी हातात देतो आणि लिफ्टच्या गोष्टी सांगत बसतो. परवा एका लिफ्टमध्ये भांडलेले दोघे भाऊ अडकले, बाहेर निघाले तोवर समेट झाला होता म्हणे. मी त्याला माझ्या एक्स्चेंजमधल्या भानगडी सांगते. बोलता बोलता वाटी रिकामी होते. आणि तुम्ही? तुम्ही समोर परीक्षकासारखे उभे राहता. तोंडात कापूस, आणि मला उत्तर तयार करायचं असतं. तुमच्याशी खोटं बोलले की पुढचा घोट उतरत नाही हो."

"मग सांगायचंस की मला!"

"कसं सांगू? तुमच्या हातची चव गेली असं तुम्हाला सांगायचं? तुमचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवलं नसतं."

बुवांना वाटलं होतं, आता जळणं संपलं. पण ते फक्त जागा बदलून बसलं होतं. सूप तर ते जावयापेक्षा चांगलं करू शकत होते. गप्पा कुठून आणणार?

जावई स्वयंपाकघरात पातेलं घासत होता. बुवा त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. "मीठ मी टाकलं," ते म्हणाले.

जावयाचा हात थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही. "माझ्यावर राग होता तर माझ्या वाटीत टाकायचं होतंत, बाबा," तो म्हणाला. "त्या आजारी आहेत." आणि पुन्हा पातेलं घासू लागला. दोन दिवस तो बुवांशी कामापुरतंच बोलला. बुवांनी ते निमूट सोसलं. तिसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, "बाबा, तो भोपळा भाजून कसा घेता?" बुवांनी दाखवलं. लसणासकट.

मग पाळ्या लागल्या. दुपारी जावयाचं सूप, संध्याकाळी बुवांचं. बुवा आता खुर्ची ओढून बसायचे. पहिल्या दिवशी त्यांना बोलायला काही सुचेना. "कॅन्टीनमध्ये बटाटे फार लागायचे," ते म्हणाले आणि गप्प झाले. पण बायको मुरलेली ऑपरेटर. तुटलेली लाइन जोडणं तिच्या हाताचा मळ. "बटाटे कोण आणायचं? तो तोतरा ड्रायव्हर का?" मग त्या ड्रायव्हरचं लग्न निघालं, लग्नावरून स्टोअरकीपरची बायको निघाली, आणि वाटी रिकामी झाली. बुवांनी ती मुद्दाम दोन्ही हातांत धरून जावयासमोरून नेली.

बायकोच्या गालांवर हळूहळू मांस चढलं. एका दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले होते. जावयाचं टोमॅटोचं सूप होतं. तिनं चमचा तोंडात घातला आणि एकदम थबकली. डोळे विस्फारले.

"आंबट!" ती ओरडली. "अरे, आंबट लागतंय!"

लेकीनं तिच्या गळ्यात हात टाकले. चिमणी कशासाठी ते न कळताच टाळ्या पिटायला लागली. बुवांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. आणि त्या भरल्या डोळ्यांआडून त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हाच: काल संध्याकाळी का नाही? काल माझं होतं!

ते उठले, चपला पायात सरकवल्या, पिशवी उचलली.

"अहो, भरल्या ताटावरून कुठे निघालात?" बायकोनं विचारलं.

"बाजारात. टोमॅटो संपलेत."

जावयानं ओट्यावरच्या टोमॅटोंनी काठोकाठ भरलेल्या टोपलीकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. दोघांनीही माना खाली घालून सूप भुरकायला सुरुवात केली. बुवा तोवर जिना उतरून रस्त्याला लागले होते, बाजारातले सगळ्यात आंबट टोमॅटो कोणाकडे मिळतील याचा विचार करत.