चर्च निघालं रस्त्यापलीकडे

रस्ता रुंद होणार होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत चर्च हललं नाही, तर सोमवारी ते पाडणार होते. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या त्या गावात प्रेस्बिटेरियन पंथाची माणसं उरली होती जेमतेम अकरा, त्यांत सगळ्यात तरणी कोरीन हॉचकिस, बासष्ट वर्षांची. पलीकडे नवा पाया तयार होता, लाकडी चर्च ओंडक्यांवर चढवून ठेवलं होतं आणि ते ओढून नेणाऱ्या ठेकेदाराने ऐन शनिवारी सकाळी फोनवर हात वर केले.

कोरीन रडकुंडीला आली होती, तेवढ्यात घरघर ऐकू आली. एक, दोन, पाच ट्रॅक्टर! पुढच्यावर तिचा शेजारी एल्डन मॉर्टेन्सन, गावात बहुसंख्य असलेल्या मॉर्मन पंथाचा बिशप. मागे निम्मं गाव.

याच एल्डनच्या गाडीवर तिने एकदा पत्रक अडकवलं होतं, 'मॉर्मन ख्रिस्ती नव्हेत.' त्यानेही भर दुकानात सुनावलं होतं, "तुमचा धर्म अर्धाच!" तेव्हापासून नऊ वर्षं अबोला.

"आम्ही ख्रिस्ती की नाही ते नंतर ठरव," एल्डन वरूनच ओरडला. "आधी सांग, दोर कुठे बांधू?"

"खालच्या तुळईला! आणि हळू रे, चर्च आहे, बीटाची गाडी नाही!"

दोर ताणले. चर्च करकरलं आणि चक्क हललं! मागचे ओंडके काढून पुढे टाकायला माणसं पळत होती. त्यात कोण कुठल्या पंथाचं, कुणाला पत्ता नव्हता. कोरीनही पदर खोचल्यासारखा स्कर्ट वर खोचून धावत होती.

निम्म्यावर माती खचली. चर्च डावीकडे कललं.

"थांबा!" कोरीन किंचाळली.

एल्डनची बायको मार्व्हा तीरासारखी सुटली. मॉर्मनांच्या सभाघरातली जेवणाची लांब टेबलं बायकांनी उचलून आणली आणि खाली सारली. ती कडाकडा मोडली, पण चर्च तरलं.

साडेपाचला ते धपकन पायावर बसलं, अन् वरची घंटा आपोआप वाजली. एकच जल्लोष!

मग प्रश्न आला, प्रार्थना कुणी करायची?

"तुझं चर्च, तू कर," एल्डन टोपी काढत म्हणाला.

"तूही कर. पण तुझी ती लांबलचक नको."

हशा पिकला. त्याच्या प्रार्थनेला कोरीन इतक्या मोठ्याने 'आमेन' म्हणाली, की तिचीच माणसं वळून बघायला लागली. दाराला अजून पायऱ्या नव्हत्या. एल्डनने हात दिला, ती वर चढली आणि तिच्यामागून अख्खं गाव आत शिरलं.