पुरुषाला न लागणारे औषध

आमचे चिरंजीव घरोघरी झुरळे मारण्याचा व्यवसाय करतात. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडावर पट्टी आणि चालण्यात सेनापतीचा रुबाब. अशा वीराच्या बायकोला, तेही गर्भारपणी, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका परजीवीने गाठावे, हा त्यास स्वतःचा अपमान वाटला.

सुनेला खाज सुटली होती, अंगावरून पिवळसर पाणी जात होते. डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावले की हा जंतू नवराबायकोत फिरतो आणि पुरुषात बहुधा गुपचूप राहतो. गोळ्या दोघांनी एकदमच घ्यायच्या आणि तोवर दूर राहायचे, नाहीतर मूल दिवस भरण्याआधी, वजनाने कमी जन्मण्याची भीती. कोणाकडून कोणाला आला, हे त्यांनी विचारले नाही. मीही विचारले नाही. चौकशीने जंतू मरत नाही.

सुनेने गोळ्या घेतल्या. चिरंजिवांनी आपली पुडी कपाटात टाकली.

"मला काही होतच नाहीये, तर औषध कशाला?"

"बरोबर आहे," आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "पुरुषाला असलं काही लागत नाही."

"अहो, तुम्हाला शिंक आली तर अख्खं घर पथ्यावर बसतं."

काही आठवड्यांतच त्रास परतला. सून माझ्या खोलीत आली. "आई, मी एक गोळी चुकवली नाही हो. बाळाला काही झालं तर?" पोटावरचा तिचा हात हलेना.

मी तडक बाहेर आले. चिरंजीव फोनवर गिऱ्हाइकाला झापत होते.

"झुरळं परत आली यात माझ्या औषधाचा काय दोष? शेजाऱ्यांनी दारच उघडलं नाही ना? मग तुमच्या एकट्याच्या घरात मारून काय उपयोग? इकडची तिकडे, तिकडची इकडे. दोन्हीकडे एकदमच फवारावं लागतं."

फोन ठेवल्यावर मी विचारले, "दोन्हीकडे एकदमच का रे?"

"साधी गोष्ट आहे आई, पण लोकांच्या डोक्यात शिरत नाही."

मी पुडी आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. त्याने पुडी उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे मी झुरळ?"

"छे, तू दार न उघडणारा शेजारी."

वर्तमानपत्र किंचित खाली आले. "अहो, तुम्ही वाचा," मी म्हटले. ते वाचू लागले.

डॉक्टरीणबाईंना विचारून दोघांचे औषध एकदमच, माझ्यादेखत सुरू झाले. सून माझ्या खोलीत निजू लागली आणि चिरंजीव वडिलांच्या घोरण्याशेजारी. पहिल्याच गोळीला त्याने तोंड वेडेवाकडे केले.

"किती कडू आहे ही."

"हो का?" सून म्हणाली. "मी दुसऱ्यांदा घेतेय."

पुढच्या तपासणीत जंतू सापडला नाही. बाळाची वाढही ठीक होती. चिरंजीव आता साऱ्या नातेवाइकांना सांगत फिरतात, "मी वेळेवर औषध घेतलं म्हणून निभावलं."

सुनेने माझ्याकडे पाहिले.

"बोलू दे त्याला," मी म्हटले. "बाळ दिवस भरून येऊ दे, मग त्याचे कान मी धरते."